नाकुरूहून विश्वस्तांना खुले पत्र: मोलोच्या समित्या बंद करू नका

प्रति,
आपल्या निधीचे सर्व विश्वस्त,
पुणे, नैरोबी आणि लेस्टर

सप्रेम नमस्कार.

आपलं परिपत्रक मागच्या महिन्यात मिळालं. केनियातल्या मोलो-कुरेसोई भागातल्या तीन गावांच्या शांतता समित्यांचं काम येत्या जानेवारीपासून थांबवायचं, दोन्ही समन्वयकांना निरोप द्यायचा, आणि त्याऐवजी सहा तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम व नैरोबीच्या हॉटेलात दोन दिवसांची परिषद घ्यायची, असा आपला ठराव. त्यावर मी दोन पत्रं पाठवली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. निधीत पैसे घालणारे बरेचसे मराठी आहेत, सांगली-कोल्हापूरपासून लेस्टरपर्यंत. आपला पैसा इतकी वर्षं कशावर खर्च होत होता आणि उद्या कशावर होणार, हे त्यांनाही कळू दे.

आधी माझी ओळख, कारण नव्या विश्वस्तांपैकी तिघांना मी भेटलेले नाही. माहेर तासगावचं, आडनाव वझे. १९८९ साली लग्न होऊन नाकुरूला आले आणि इथल्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं. स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला 'म्झे' म्हणतात आणि त्याचं अनेकवचन 'वझे', शेवट जरा लांबवून. त्यामुळे पंचविशी ओलांडायच्या आतच मी इथली वडीलधारी मंडळी झाले. गावात ओळख करून देताना अजून हशा पिकतो. ताणलेल्या बैठकीत तो फार उपयोगी पडतो.

आडनावाची गंमत सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. २७ डिसेंबर २००७ ला मतदान झालं, ३० तारखेला निकाल जाहीर झाला आणि देश पेटला. एल्डोरेटजवळ किआंबा इथे चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या बायकामुलांना जाळलं गेलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आग आमच्या नाकुरूत आली. शाळा उशिरा उघडली तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांना एक सूचना दिली: हजेरी घेताना फक्त पहिलं नाव घ्या, आडनाव उच्चारू नका. इथे आडनावावरून माणूस किकुयू जमातीचा की कालेंजिन की लुओ, हे लगेच कळतं. फॉर्म टूच्या हजेरीपटावर अकरा नावांपुढे मी त्या सत्रात रेघ मारली. त्यातली काही मुलं कुठे गेली ते मला शो-ग्राउंडवरच्या छावणीत कळलं, ब्लँकेटं वाटताना. ती ब्लँकेटं आपल्याच निधीची होती. निधीची सुरुवातच त्या ब्लँकेटांपासून झाली, हे जुन्या विश्वस्तांना आठवत असेल. पुढे न्यायमूर्ती वाकी यांच्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १,१३३ दिला. बेघर झालेल्यांची मोजदाद लाखांत होती.

ब्लँकेटं संपल्यावर काय, या प्रश्नातून २०१० मध्ये समित्या निघाल्या. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सोपं करून सांगते: आमच्या तासगावच्या आर. आर. आबांनी १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तशीच काहीशी ही कल्पना. बक्षीस मात्र नाही. बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून कागदोपत्री तंटे मिटवलेली गावं आपल्यालाही माहीत आहेत. इथे प्रत्येक गावात पंधरा माणसं: किकुयू आणि कालेंजिन या दोन्ही जमातींचे म्हातारे, दूध घालणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायका, बोडाबोडावाली म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी चालवणारी पोरं, एक पाद्री, एक शिक्षक. सुरुवातीला पाच दिवसांचं प्रशिक्षण आणि मग दर महिन्याला एक बैठक. ती बैठक हेच खरं प्रशिक्षण होतं. पाच दिवसांत माणूस शब्द शिकतो. शेजाऱ्याचा फोन रात्री उचलायला शिकायला वर्षं लागतात.

आता तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी आहे, ती सावकाश वाचा.

परिपत्रकात कारण दिलंय: 'सदर भागात आता स्थैर्य आले आहे.' २०१३, २०१७, २०२२ या तिन्ही निवडणुकांत मोलोत मोठं काही घडलं नाही, हे खरं. पण का घडलं नाही? मोलो, कुरेसोई, बर्न्ट फॉरेस्ट हा पट्टा १९९२ ला पेटला, १९९७ च्या निवडणुकीच्या आसपास पेटला, २००८ ला पेटला. भांडण जमिनीचं. गोरे गेले तेव्हा त्यांच्या मळ्यांचे तुकडे किकुयू शेतकऱ्यांनी पैसे जमवून, कंपन्या काढून विकत घेतले. त्यांच्याकडे कागद आहेत. कालेंजिन म्हणतात, गोऱ्यांनी जमीन घेतली तीच मुळी आमच्या आजोबांकडून, मग त्यांच्याकडून घेतलेला कागद कसला? दोघंही खोटं बोलत नाहीत, म्हणून तर ते अवघड आहे. २०१३ मध्ये किकुयूंचे केन्याटा आणि कालेंजिनांचे रुटो एकत्र उभे राहिले आणि वरच्यांची युती झाल्यावर खालच्यांचे कोयते घरात राहिले. २०२२ मध्ये रुटो राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हाही त्यांच्या जोडीला किकुयू उपराष्ट्राध्यक्ष होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच उपराष्ट्राध्यक्षांना, गाचागुआंना, महाभियोग चालवून काढलं. युती मोडली. पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. गेल्या तीन निवडणुकांमधलं स्थैर्य ज्या खांबावर उभं होतं तो पडलाय, आणि नेमकं आत्ताच आपण म्हणता, आता गरज नाही. छप्पर गळत नाही म्हणून मे महिन्यात कौलं काढून विकण्यासारखं आहे हे.

समित्यांमुळेच शांतता राहिली, असा माझा दावा नाही. गणिताची बाई आहे, सिद्ध करता येत नाही ते बोलणार नाही. पण एका रात्रीचं सांगते.

जुलै २०२२, निवडणुकीला महिना राहिलेला. रात्री साडेनऊला फोन आला. समितीतलाच बोडाबोडावाला पोरगा. एका किकुयू घरची दुभती गाय गोठ्यातून गेली होती आणि खुरांचा माग ओढ्याकडे, म्हणजे कालेंजिन वस्तीकडे जात होता. दुकानांपाशी तीस-चाळीस पोरं जमली होती आणि बऱ्याच जणांच्या हातात पांगा होता, म्हणजे आपला कोयता. समितीत आम्ही एक गोष्ट घोकून घेतली होती: पहिल्या तासात ओढा कुणी एकट्याने ओलांडायचा नाही, माग दोन्हीकडच्यांनी मिळून काढायचा. आमच्या समन्वयकाने पलीकडच्या दूधवाल्या मामाला फोन केला. (मामा म्हणजे स्वाहिलीत आई, बाई. हा घोळ मराठी पाहुण्यांचा दर वेळी होतो.) ती आपल्या दिराला घेऊन ओढ्यापर्यंत आली, इकडून निवृत्त पोस्टमास्तर आणि तो पोरगा गेला. चौघंजण टॉर्च घेऊन खुरांमागून चालत राहिले. मोलो अडीच हजार मीटरवर आहे आणि जुलैतली रात्र हाडं गोठवते. माग ओढ्याच्या कडेकडेने वर जाऊन पक्क्या रस्त्याला लागला आणि तिथे संपला. पुढे पिकअपच्या टायरच्या खुणा होत्या. दोन्हीकडच्या डोळ्यांनी त्या पाहिल्या. दूधवाली परत येऊन पोरांपुढे एवढंच म्हणाली, "आमच्यात कुणाकडे पिकअप आहे ते सांगा, मी दार ठोठावते." कुणाकडेच नव्हता. अकराच्या सुमाराला पोरं पांगली.

गाय काही मिळाली नाही. त्या रात्रीचा खर्च पेट्रोल आणि फोन मिळून साडेसातशे शिलिंग झाला, आणि निधीच्या हिशेबतपासनीसांनी त्याची पावती मागितली. ती अजून देता आलेली नाही.

दुसरी तक्रार भाषेची. ऑनलाइन अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. मी तो पूर्ण पाहिला. चित्रं सुबक आहेत. पण इथे आग लागते ती इंग्रजीत लागत नाही. २००८ मध्ये ती एसएमएसवरून आणि बोलीभाषांतल्या रेडिओवरून पसरली. जानेवारी २०२२ मध्ये एल्डोरेटच्या सभेत एका नेत्याने 'मडोआडोआ' हा शब्द वापरला. अर्थ साधा: ठिपके, डाग. पण रिफ्ट व्हॅलीत, म्हणजे आमच्या या भागात, 'डाग काढून टाका' म्हटल्यावर कुणाला काढायचंय ते शेंबड्या पोरालाही कळतं. देशभर गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये राष्ट्रीय एकात्मता आयोगाने द्वेषाच्या शब्दांची यादीच काढली, त्यात हा होता. आमच्या बैठकीत त्या शब्दावर दोन तास बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, माझ्या सगळ्यात चांगल्या गायीच्या अंगावर ठिपके आहेत. त्यावर कुणी हसलं, कुणी नाही. हे दोन तास आपल्या अभ्यासक्रमाच्या कुठल्या भागात बसतात? आणि त्या आजींकडे जो फोन आहे त्यात बॅटरी आणि सापाचा खेळ, एवढंच आहे.

तिसरी तक्रार हॉटेलची. लांबवत नाही. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या देणगीदाराने नैवाशाच्या तळ्याकाठी तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. आमच्या पाच बायका गेल्या. भिंतीवर इंग्रजी स्लाइड, जेवायला सतरा पदार्थ, आणि शेवटी सही करून बैठक-भत्त्याचं पाकीट, ज्यात त्यांच्या दोन आठवड्यांच्या भाजीविक्रीपेक्षा जास्त पैसे. परतल्यावर मी एकीला विचारलं, काय शिकलात? ती विचार करून म्हणाली, "पाणीसुद्धा बाटलीत देतात." त्यानंतर पाच महिने गावातल्या बैठकीला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, पाकीट आहे का? ती सवय मोडताना आमचा जीव मेटाकुटीला आला. आता आपणच ती पुन्हा लावणार.

चौथी जरा नाजूक आहे. समित्यांची जागा पुढे 'ज्येष्ठ व धर्मगुरूंची परिषद' घेईल, ती स्वस्तही पडेल, असं आपण लिहिलंय. ज्येष्ठांबद्दल मला आदर आहे. नाकुरू जिल्ह्याचा शांतता करार किकुयू आणि कालेंजिन ज्येष्ठांनीच ऑगस्ट २०१२ मध्ये केला. सोळा महिने बोलणी चालली होती, हे सहा तासांच्या अभ्यासक्रमाच्या संदर्भात ध्यानात घ्यावं. पण नुसत्या म्हाताऱ्या पुरुषांवर सोपवून चालत नाही, याचा धडा याच देशात आहे. ईशान्येला वाजीर नावाचा रखरखीत, उंट-शेळ्यांचा मुलूख आहे. १९९२ पासून तिथे सोमाली कुळांची आपसात कत्तल चालू होती. थांबवायची सुरुवात बाजारातल्या बायकांनी केली. कुठल्याही कुळाच्या बाईला बाजारात विकता-घेता आलं पाहिजे, असं ठरवून त्या स्वतःच राखणीला उभ्या राहिल्या. मग त्या ज्येष्ठांकडे गेल्या, मग तरुणांकडे, मग सरकारी अधिकाऱ्यांकडे. १९९५ मध्ये त्यातून वाजीरची शांतता व विकास समिती उभी राहिली, आणि पुढे सरकारने देशभर जिल्हा समित्या केल्या त्या याच नमुन्यावर. या बायकांतल्या देखा इब्राहिम अब्दी माझ्यासारख्याच शिक्षिका होत्या. २००७ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जाळपोळीत नैरोबीत बसून त्यांनी पुन्हा तेच काम केलं.

आणि त्याच ईशान्येकडे, २००१ मध्ये, मोडोगाशे इथे ज्येष्ठांनी जाहीरनामा केला. खुनाची भरपाई किती, हे त्यात ठरलं: पुरुष मारला तर शंभर उंट, बाई मारली तर पन्नास. करार म्हणून तो उपयोगी पडला असेल, रक्तपात कमी झाला असेल. पण खोलीत बायका बरोबरीने बसल्या असत्या तर हा भागाकार झाला असता का, हे मला विश्वस्तांकडून ऐकायचं आहे.

पाचवी तक्रार एका ओळीची होती, पण दोन लिहिते. नव्या अभ्यासक्रमातून 'जमीन, निवडणूक, पोलीस' हे विषय राजकीय म्हणून वगळलेत. मग उरतं काय, तर दोन बहिणी आणि एका संत्र्याची गोष्ट: एकीला रस हवा, दुसरीला साल, भांडण मिटलं. आमच्याकडे बटाटा पिकतो. त्याचा रस कुणाला नको असतो, आणि भांडण बटाट्याखालच्या मातीचं आहे.

आता आमच्या बाजूची चूकही सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. तिसऱ्या गावातली समिती २०१९ मध्ये वर्षभर बंद पडली होती. कारण अध्यक्ष कोण यावरून शांतता समितीतच भांडण झालं होतं. आम्ही ते आपल्याला कळवलं नाही, अहवालात 'बैठका अनियमित' असं लिहून वेळ मारून नेली. हिशेबही दोनदा उशिरा गेले. त्याबद्दल आपण रागावलात तर ते योग्यच आहे. पण पावत्या नीट नाहीत म्हणून पावत्या नीट करायला लावा, काम का मोडता?

पैसा आटलाय, हे मला कळतं. अमेरिकेची मदतसंस्था १ जुलै २०२५ ला बंदच झाली. ब्रिटननेही आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं ठरवलंय. अशा पैशावर चालणाऱ्या शेजारच्या दोन समित्या आताच थंडावल्या आहेत. सरकारी आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चालणाऱ्या उविआनो या शांतता मंचाने २०१० च्या सार्वमतापासून १०८ वर फुकट एसएमएसची सोय केली, (आपल्याकडे त्याच नंबरवर रुग्णवाहिका येते) आणि ती चांगलीच आहे. पण एसएमएस आल्यावर टॉर्च घेऊन ओढ्यापर्यंत जाणारं माणूस गावातच तयार असावं लागतं. तीन गावांचा वर्षाचा खर्च आणि आपल्या दोन दिवसांच्या परिषदेचं अंदाजपत्रक मी शेजारी मांडून पाहिलं. परिषद महाग आहे.

अजून एक बोलायचं आहे, ते विश्वस्तांइतकंच इथल्या आपल्या मराठी, गुजराती, पंजाबी मंडळींना. २०१७ मध्ये केनिया सरकारने आपल्याला देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण निवडणूक जवळ आली की ही चव्वेचाळिसावी जमात काय करते? शटर ओढते, दुकानातला माल हलवते आणि मुंबईची तिकिटं काढते. बाकीच्या त्रेचाळीस जमातींना ती सोय नाही. या समित्या म्हणजे इथे थांबून आपण केलेल्या थोड्याफार कामांपैकी एक होतं.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या भाषेत. ठराव निदान १० ऑगस्ट २०२७ च्या मतदानानंतर सहा महिन्यांपर्यंत स्थगित ठेवा. तोवर तिन्ही गावांतल्या महिन्याच्या बैठका आणि दोन्ही समन्वयक, एक किकुयू आणि एक कालेंजिन, कायम ठेवा. दोघांपैकी एकालाच ठेवण्याची तडजोड सुचवू नका, ती ऐकूनच लोक उठून जातील. प्रत्येक समितीकडे थोडी तातडीची रक्कम असू द्या, जिचा खर्च आधी करून नंतर दोन सह्यांवर दाखवता येईल. रात्री साडेनऊला पुण्याची मंजुरी मिळत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम ठेवायचाच असेल तर स्वाहिलीत करा, आणि जमीन हा विषय त्यात परत घाला. समितीत निम्म्या बायका आणि किमान तीन बोडाबोडावाले असावेत, ही जुनी अट काढू नका. हॉटेलातली परिषद रद्द करा. भत्त्याऐवजी प्रत्यक्ष बसभाडं आणि दुपारचं जेवण द्या, उगाली आणि सुकुमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. ते आम्ही गावातच रांधतो.

आणि विश्वस्तांपैकी कुणीतरी एकाने येऊन एक बैठक पाहावी. महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी दहा, चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दहा म्हणजे साडेअकरा समजा. नाकुरूहून मटाटूने, म्हणजे इथल्या वडापच्या गाडीने, सव्वा तास लागतो, पुढे शेवटचा टप्पा बोडाबोडावर आहे. तो पोरगाच न्यायला येईल, त्याला मी सांगून ठेवते. स्वेटर आणा. शेडला एका बाजूला भिंत नाही.

आपली,
म्हातारपणी खरीखुरी झालेली
वझे